आधी रामराम कोणी घालायचा?



परदेशी राहायला निघालेल्या बाईला सगळ्यांत आधी काय मिळत असेल, तर सल्ले. मी आक्राला, म्हणजे घानाच्या राजधानीत, राहायला आले त्याला आता सहा वर्षं होतील. निघण्यापूर्वी आणि पोचल्यावरही आपल्याकडच्या मंडळींनी मला ‘तिकडच्या रीती’ समजावून सांगितल्या. डाव्या हातानं कोणाला काही द्यायचं नाही आणि घ्यायचंही नाही. बाजारात सांगितलेल्या भावाच्या निम्म्यापासून सुरुवात करायची. नळाचं पाणी प्यायचं नाही. आणि सगळ्यांत शेवटी, आवाज जरा खाली आणून, कामवालीला फार जवळ करायचं नाही, डोक्यावर बसेल.

डाव्या हाताची सूचना घानाची आहे. शेवटची मात्र घानाची नव्हे. ती आपण बॅगेत घालून इकडं आणलेली आपली स्वतःची रीत आहे. दोन्ही एकाच यादीत, एकाच दमात सांगितल्या जातात, आणि ऐकणारीला त्यांत फरक आहे असं वाटतही नाही. म्हणून हा लेख लिहायला घेतला. नव्या देशात गेल्यावर तिथल्या रीती शिकाव्यात यावर कोणाचंच दुमत नसतं. पण त्या शिकायच्या कोणाकडून आणि पाळायच्या कोणाशी, हा प्रश्न आपण विचारत नाही. माझ्या मते सगळं राजकारण त्या प्रश्नात आहे.

इथली पहिली रीत नमस्काराची. आक्रा मूळचं गा लोकांचं शहर असलं तरी बाजारात, बसमध्ये अकान लोकांची त्वी भाषा सर्रास चालते. सकाळी ‘माआची’ म्हणायचं. त्याला उत्तर देताना समोरच्या माणसाला नात्यात घ्यायचं. म्हातारी बाई असेल तर ‘या एना’, म्हातारा पुरुष असेल तर ‘या आजा’, बरोबरीची असेल तर ‘या नुआ’. एना म्हणजे आई, आजा म्हणजे बाप (आपला आजोबा नव्हे), नुआ म्हणजे भावंड. वयाचा मान आहेच, पण त्याबरोबर दुसरा नियमही आहे. जो येतो, जो जवळून जातो, त्यानं आधी नमस्कार करायचा. ओट्यावर बसलेल्यांच्या समोरून मुकाट्यानं निघून जाणं हा उर्मटपणा समजतात. नमस्कार न करता ‘टोमॅटो कसे दिले?’ असं विचारलं तर भाजीवाली शांतपणे आधी स्वतः नमस्कार करते आणि तुमच्या उत्तराची वाट बघते. मग भाव. चारचौघांच्या बैठकीत गेलात तर उजवीकडून सुरुवात करून एकेकाशी हात मिळवत पुढं जायचं. मधल्या कोणाला गाळून पलीकडच्या ‘महत्त्वाच्या’ माणसाकडं थेट जायचं नाही.

घरी पाहुणा आला की त्याला बसवतात, पाणी देतात, आणि पाणी पिऊन झाल्यावर विचारतात, ‘आमान्ने?’ म्हणजे, काय निमित्तानं येणं केलं? आपल्याकडं उन्हातून आलेल्याच्या हातावर गूळ आणि पाणी ठेवत, त्याचीच ही बहीण. जेवत असलेला माणूस कोणी आलं की ‘या जेवायला’ म्हणतो, तेही अगदी आपल्यासारखं.

पण एक शब्द मला इथं मिळाला, ज्याला मराठीत जोड नाही. तो म्हणजे ‘आयेकू’. काम करत असलेल्या माणसाच्या जवळून जाताना तो म्हणायचा. रस्ता झाडणारी बाई, मक्याची कणसं भाजणारी, ट्रकमधून पोती उतरवणारा माणूस, कोणीही असो. तुझे कष्ट दिसले, असा त्याचा अर्थ. आपल्याकडं ‘शाबास’ आहे, पण शाबासकी वरून खाली दिली जाते. ती देणारा आधीच मोठा असतो. ‘आयेकू’ म्हणायला मोठं असावं लागत नाही, नुसतं डोळे उघडे ठेवून चालावं लागतं.

कोणी कोणाला आधी वंदन करायचं हा प्रश्न क्षुल्लक नाही, हे महाराष्ट्रातल्या बायकांना सांगायला नको. सुनेनं वाकून नमस्कार करायचा आणि सासूनं आशीर्वाद द्यायचा, हे आपण लहानपणापासून पाहिलं. महारांनी जोहार घालायचा ही गावाची रीत होती. तो जोहार टाकून देऊन ‘जय भीम’ म्हणणं ही नुसती शब्दाची अदलाबदल नव्हती. समोरच्याच्या डोळ्याला डोळा भिडवून, बरोबरीनं बोलण्याचा तो निर्धार होता. नमस्काराचं राजकारण आपल्याला ठाऊक आहे. फक्त घराच्या स्वयंपाकघरात पाऊल टाकताना आपण ते विसरतो.

आता त्या स्वयंपाकघराविषयी. आक्रातल्या आपल्या भारतीय घरांतून मी पुष्कळ वेळा गेले आहे. बऱ्याच घरांत काम करणारी घानाची बाई असते. तिचा कप वेगळा. ताटली वेगळी, बहुधा सिंकच्या खालच्या कप्प्यात. ती चाळिशीची असली तरी तिला ‘मुलगी’ म्हणायचं. तिच्यादेखत तिच्याविषयी आपल्या भाषेत बोलायचं, आणि तिच्या रंगावरून बोलायचं. ती सकाळी दारात येते आणि तिच्या रीतीप्रमाणे आधी नमस्कार करते. त्याला उत्तर काय येतं, तर ‘आज उशीर केलास’.

नीट विचार करा. घानाच्या बाईला आपल्या जातिव्यवस्थेत जागाच नाही. आपल्या कुठल्याही पोथीत तिचा उल्लेख नाही. तरीही कप वेगळा. म्हणजे जात ही जन्मावर ठरते असं म्हणणाऱ्या आपल्याच लोकांनी दाखवून दिलं की ती काम पाहून आणि रंग पाहून कुठंही नव्यानं उभी करता येते. ‘आम्ही जातबीत मानत नाही, हा फक्त स्वच्छतेचा प्रश्न आहे’ हे वाक्य मी पुण्यात ऐकलं होतं, तेच आक्रात ऐकलं. ज्या हातांनी मळलेली कणीक चालते, त्या हातांनी धरलेला कप चालत नाही, हे कसलं स्वच्छतेचं शास्त्र?

पुण्यात १९८० साली मोलकरणींनी संप केला तेव्हा पगारवाढीबरोबर सुट्टीचा आणि माणूस म्हणून वागवण्याचाही प्रश्न होता. महाराष्ट्रात घरेलू कामगार कल्याण मंडळाचा कायदा व्हायला त्यानंतर २००८ साल उजाडलं. घानात घरकामगारांसाठी वेगळे नियम २०२० साली झाले आणि त्यांत लेखी कराराची अट आली. दोन्हीकडं कागद आणि स्वयंपाकघर यांच्यामधलं अंतर मोठं आहे. पण परदेशी राहणाऱ्या बाईनं ‘इथल्या रीती’ पाळायच्याच असतील तर हा नियमही इथलाच आहे. डावा हात पुढं न करण्याइतकाच तो कटाक्षानं पाळायला हवा.

दुसरी गोष्ट नावाची. अकान लोकांत मूल ज्या वारी जन्मतं त्या वाराचं नाव त्याला आपोआप मिळतं. मुलगी सोमवारची तर आजोआ, मंगळवारची अबेना, बुधवारची आकुआ, गुरुवारची या, शुक्रवारची आफुआ, शनिवारची आमा, रविवारची आकोसुआ. मुलग्यांचंही तसंच. कोफी अन्नान हे शुक्रवारचे, क्वामे एन्क्रुमा शनिवारचे. १९०० साली इंग्रजांविरुद्ध असांतेंच्या युद्धाचं नेतृत्व करणारी या असांतेवा गुरुवारची. आठव्या दिवशी मुलाला बाहेर आणून नाव ठेवतात आणि त्याच्या जिभेवर पाण्याचा थेंब आणि दारूचा थेंब ठेवतात. पाण्याला पाणीच म्हण आणि दारूला दारूच म्हण, असं त्याला सांगतात. खरं बोलण्याचा हा पहिला धडा.

बाजारात थोडी ओळख झाली की बायका वार विचारतात. मी बुधवारची, म्हणून मी आकुआ. या वाराच्या नावाची मला वाटलेली गंमत अशी की लग्नानं जन्मवार बदलत नाही, म्हणून हे नाव बदलण्याचा प्रश्नच येत नाही. चर्चमध्ये लग्न करून पुष्कळ जणी नवऱ्याचं आडनाव लावतात, तो भाग वेगळा. पण आईच्या पोटातून येताना आणलेलं नाव कोणी काढून घेत नाही. आपल्याकडं ताटात तांदूळ पसरून त्यात बोटानं किंवा अंगठीनं बायकोचं नवं नाव लिहायची हौस अजून गेलेली नाही. आडनाव जातं ते जातंच, पण आईनं हाक मारलेलं नावही त्या तांदळात पुसलं जातं. हे इथल्या बायकांना सांगितलं तर त्यांना आधी कळतच नाही. मग त्या विचारतात, ‘आणि तुम्हांला त्या नावानं हाक मारली की ओ द्यावीशी वाटते?’ या प्रश्नाचं उत्तर आपण एकदा आपापल्या गटात देऊन बघायला हरकत नाही.

तिसरी गोष्ट पैशाची. अकान घरांत नवरा आणि बायको यांची मिळकत वेगळी राहणं ही जुनी रीत आहे. नवऱ्यानं घरखर्चाला द्यायचे पैसे म्हणजे ‘चॉप मनी’. तो पुरेसा नसला तर बाई उघडपणे बोलते, त्यात लाजण्यासारखं काही मानत नाहीत. तिच्या व्यापारातला पैसा मात्र तिचा. आक्राच्या माकोला बाजारात कापड, मासळी, भाजी, भांडी विकणाऱ्या बहुसंख्य बायकाच. एकेका मालाच्या व्यापारी बायकांची एक प्रमुख असते, तिला ‘ओहेमा’, म्हणजे राणी म्हणतात. माल कधी उतरवायचा, भांडण कसं मिटवायचं, हे ती बघते. धान्य ‘ओलोंका’ नावाच्या डब्यानं मोजतात, आपल्या मापट्यासारखं, आणि मोजून झाल्यावर वर मूठभर जास्त घालायचं ही विकणारीची रीत. बचतीसाठी ‘सुसू’ आहे. सुसूवाला रोज गाळ्यावर येतो, ठरलेली रक्कम घेऊन जातो, महिन्याअखेर सगळी परत देतो आणि एका दिवसाची रक्कम स्वतःची मजुरी म्हणून ठेवतो. आपल्याकडचा पिग्मीवालाच म्हणा ना. बायका आपसांत आळीपाळीनं उचलतात तीही सुसू, म्हणजे आपली भिशी.

हे सगळं पाहून आपल्यासारखीला भुरळ पडते. घराणं आईकडून मोजतात, बाईच्या हाती पैसा आहे, बाजारात तिचं राज्य आहे. मग आणखी काय हवं? इथंच थांबून सावध व्हायला हवं. कारण रीतीनं दिलेला मान हा हक्क नसतो, आणि वेळ आली की तो किती टिकतो हे माकोलाच्या बायकांनी सोसून पाहिलं आहे. १९७९ च्या जूनमध्ये जेरी रॉलिंग्ज यांच्या लष्करी गटानं सत्ता घेतली. देशात टंचाई होती, भाव कडाडले होते. त्याची कारणं सरकारच्या धोरणात आणि परकीय चलनाच्या तुटवड्यात होती, पण लोकांच्या डोळ्यांसमोर रोज दिसत होत्या त्या बाजारातल्या बायका. साठेबाज त्याच, असं ठरलं. सैनिकांनी त्यांचा माल जप्त केला, भर रस्त्यात फटके मारले, आणि ऑगस्टमध्ये माकोलाचा मुख्य बाजार जमीनदोस्त केला. ज्यांना काल राणी म्हणत होते, त्यांना आज चोर म्हणायला कोणाची जीभ अडखळली नाही. महागाईचा राग बाईवर काढणं ही रीतही बऱ्याच देशांत आहे.

आईकडून घराणं मोजण्याचंही तसंच. अकान कुटुंबात मूल आईच्या कुळाचं, म्हणून बापाची मालमत्ता पूर्वी त्याच्या कुळाकडं, म्हणजे त्याच्या भावांकडं किंवा बहिणीच्या मुलांकडं जाई. बायको आणि मुलं दुसऱ्या कुळाची, म्हणून नवरा मेल्यावर त्यांना घराबाहेर काढलं जाई. वीस वर्षं त्याच्या कोकोच्या मळ्यात राबलेली बाई रिकाम्या हातानं माहेरी जाई. यावर घानातल्या बायकांनी आवाज उठवला आणि १९८५ साली मृत्युपत्र न केलेल्यांच्या वारशाचा कायदा झाला. राहतं घर आणि घरातलं सामान बायकोमुलांचं ठरलं. बाकी मालमत्तेचे सोळा भाग धरले तर तीन बायकोचे, नऊ मुलांचे, दोन आईबापांचे आणि उरलेले दोनच परंपरेप्रमाणे कुळाचे. त्याआधीच्या वर्षी, १९८४ साली, विधवेला कोंडून ठेवणं, तिच्या अंगाला इजा करणं अशा विधींना फौजदारी गुन्हा ठरवण्यात आलं. २००७ साली कौटुंबिक हिंसाचाराविरुद्ध कायदा झाला. ‘ही आमची संस्कृती आहे’ असं तेव्हा तिथंही सांगितलं गेलं. अगदी आपल्या ओळखीचं वाक्य. संस्कृती आमची, पण मार माझ्या पाठीवर का, असं त्याला उत्तर देणाऱ्या बायकाही तिथल्याच होत्या.

आणि बाजारातही सगळ्या जणी सारख्या नाहीत. उत्तर घानातून आलेल्या मुली मोठ्या पराती डोक्यावर घेऊन गिऱ्हाइकांचं ओझं वाहतात. त्यांना ‘कायाये’ म्हणतात. बारा-चौदा वर्षांच्याही असतात. कित्येक जणी रात्री दुकानांच्या पुढ्यात झोपतात. काहींच्या पाठीला तान्हं मूल बांधलेलं असतं. राणी जिथं आहे तिथंच ही मुलगीही आहे. घानाच्या बाजाराचं कौतुक करताना राणी तेवढी दिसली आणि ही दिसली नाही, तर आपण पर्यटक झालो.

मग काही मैत्रिणी म्हणतात, परक्या देशात राहायचं, चार पैसे मिळवायचे, परत यायचं. त्यांच्या रीतीत आपण नाक कशाला खुपसायचं? मला हा युक्तिवाद पटत नाही. आपण तिथं घर चालवतो, बाजारहाट करतो, माणसं कामाला ठेवतो, म्हणजे आपण आधीच त्यात आहोत. प्रश्न एवढाच की कोणाच्या बाजूनं. अर्थात तिथल्या बायकांना त्यांच्या रीती कशा सुधारायच्या हे आपण शिकवायला जाणंही नको. ते काम त्या आपल्या आधीपासून करत आहेत. आपल्या कायद्यात नवऱ्याला बलात्काराच्या गुन्ह्यातून दिलेली सूट २०२४ पासून लागू झालेल्या नव्या न्यायसंहितेतही तशीच ठेवली आहे. घानानं ती २००७ सालीच काढली. कोणी कोणाला शिकवायचं?

इथले लोक आपल्याला ओळखूनही आहेत. २०१६ साली आक्राजवळच्या घाना विद्यापीठात गांधीजींचा पुतळा उभारला गेला. त्यांच्या दक्षिण आफ्रिकेतल्या सुरुवातीच्या काळातलं काळ्या लोकांविषयीचं लिखाण दाखवून प्राध्यापकांनी आणि विद्यार्थ्यांनी विरोध केला आणि २०१८ च्या डिसेंबरमध्ये तो काढण्यात आला. त्यावर आपल्या मंडळींत बरीच नाराजी झाली. त्या वादात कोणाचं किती बरोबर यावर मतं वेगवेगळी असू शकतात. पण नाराज होण्यापूर्वी आपल्या सिंकखालचा कप एकदा बघून यायला हवा होता, एवढंच मी म्हणेन.

हा सगळा प्रश्न परदेशी गेलेल्या थोड्या बायकांचा आहे असं समजून पान उलटू नका. आफ्रिकेतल्या अनेक देशांतून पुण्या-मुंबईला शिकायला मुली येतात. त्यांना भाड्यानं खोली शोधताना काय ऐकावं लागतं, रिक्षात, बसमध्ये कशा नजरा झेलाव्या लागतात, ते त्यांना विचारलं तर कळेल. आपल्या किती गटांनी त्यांना कधी बैठकीला बोलावलं? आठ मार्चच्या मोर्च्यात जगातल्या बहिणींच्या घोषणा आपण देतो, आणि त्यांतली एक बहीण शेजारच्या इमारतीत एकटी राहत असते. तिला बोलवा. सुसूचं आणि भिशीचं गणित एकमेकींना समजावून सांगा. वारसाहक्कासाठी त्या कशा लढल्या ते ऐका. ताटातल्या तांदळाविषयी तिला सांगा आणि ती काय विचारते ते ऐकून घ्या.

आणि आपल्या घरात, गटाच्या कार्यालयात, शिबिराच्या स्वयंपाकघरात भांडी घासणाऱ्या बाईजवळून जाताना ‘आयेकू’ला मराठी शब्द शोधू या. मी अजून शोधते आहे. तुम्हांला सापडला तर जरूर कळवा. तोवर निदान आधी आपण बोलू, आणि सगळ्यांचे कप एकाच फळीवर ठेवू.